खाण आणि स्मेल्टरची जागा सरकार साफ करतं म्हणजे नक्की काय करतं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या एका जुन्या खाणगावात तुम्हाला नोकरी मिळाली आहे. तिथे परवडेल असं घर दिसतंय, पण जुनी खाण आणि शिशाचा स्मेल्टर (खनिज वितळवून धातू काढायचा कारखाना) यांच्यामुळे तो सगळा परिसर ‘सुपरफंड’ यादीत, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखाली साफ करायच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत, आहे. एजंट म्हणतो की या घराचं अंगण सरकारने केव्हाच साफ करून दिलंय. तुम्ही कागद काढून बघितले तेव्हा कळलं, की वरची फूटभर माती बदलली आहे आणि खालची जशी होती तशीच आहे. घरात दोन वर्षांचं मूल आहे. तेव्हा तुम्ही विचारताय, की ही सफाई म्हणायची की धूळफेक? आणि यादीत येऊन चाळीस वर्षं झाली तरी काम संपत का नाही?

मी पर्यावरण अभियंता आहे. अशा जागांवर मातीचे आणि पाण्याचे नमुने घेणं, वरून घालायच्या मातीच्या थराचं डिझाइन करणं आणि नंतर तो थर टिकलाय का ते तपासणं, हे माझं काम. आधी कंत्राटदाराच्या बाजूने केलं, नंतर सरकारी बाजूने. तुमच्या त्या एका घराबद्दल ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ असं इथे बसून सांगणं बरोबर नाही. मातीत शिसं जास्त आहे की आर्सेनिक, ते कुठल्या रूपात आहे, ओढा किती लांब आहे, घर कोणत्या साली बांधलंय, यावर बरंच ठरतं. पण मी तुमच्या जागी असतो तर कशाकडे बघितलं असतं ते सांगता येईल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. फूटभर माती बदलणं ही धूळफेक नाही, त्यामागे पक्का विचार आहे. काळजी करायची ती त्या थराची पुढची वीस-तीस वर्षं देखभाल कोण करणार याची. एजंटच्या बोलण्यात हा विषय बहुतेक आलाच नसेल.

‘खाण आणि स्मेल्टर’ असं आपण एका दमात म्हणतो, पण ही दोन निराळी दुखणी आहेत. स्मेल्टर बंद पडला की नवीन प्रदूषण थांबतं. जे पसरलंय ते पसरलंय. खाणीचं उलट असतं. खाण चालू असताना पंप पाणी उपसत राहतात. खाण बंद झाली, पंप थांबले, की खरी कटकट सुरू होते. एक आहे फरशीवर सांडलेलं पाणी आणि दुसरा आहे बंद न होणारा नळ. तुमच्या अंगणाचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे, आणि ‘काम संपत का नाही’ या प्रश्नाचा बराचसा संबंध दुसऱ्याशी.

आधी स्मेल्टर. शिशाचं मुख्य खनिज गॅलेना, म्हणजे शिसं आणि गंधक. ते भाजून, वितळवून धातू काढताना धुराबरोबर शिसं, आर्सेनिक, कॅडमियम यांची अत्यंत बारीक धूळ उडते. ती धरून ठेवायला कापडी पिशव्यांची प्रचंड गाळणी असते, तिला बॅगहाउस म्हणतात. आयडाहोतल्या केलॉग गावच्या बंकर हिल स्मेल्टरच्या बॅगहाउसला सप्टेंबर १९७३ मध्ये आग लागली आणि गाळणीचा मोठा भाग निकामी झाला. शिशाला त्या वेळी चांगला भाव होता. कारखाना चालूच ठेवला गेला. १९७४ साली गावातल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा स्मेल्टरपासून मैलभराच्या आतल्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं सापडलं. आज अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅमला डॉक्टर सावध होतात, यावरून काय ते समजा. स्मेल्टर १९८१ साली बंद पडला, १९८३ साली जागा राष्ट्रीय अग्रक्रम यादीत, म्हणजेच सुपरफंडच्या यादीत, गेली, आणि तिथलं काम आजही चालू आहे.

ही कथा सांगण्याचं कारण असं, की धुराड्यातून आलेलं शिसं आणि खाणीच्या दगडातलं शिसं शरीरात सारखं वागत नाही. गॅलेनाच्या रूपातलं शिसं पोटातल्या आम्लात सावकाश विरघळतं. स्मेल्टरच्या धुळीतलं शिसं बरंचसं ऑक्साइड, कार्बोनेट अशा रूपांत असतं, कण बारीक असतात, आणि ते झटकन विरघळून रक्तात जातं. म्हणजे दोन अंगणांचा अहवाल ८०० पीपीएम (मातीच्या दहा लाख भागांत ८०० भाग शिसं) असाच आला तरी मुलाच्या दृष्टीने दोन्ही सारखी नसतात. चांगल्या तपासणीत हा भाग वेगळा मोजलेला असतो. तुमच्या जागेच्या अहवालात ‘बायोअव्हेलेबिलिटी’, म्हणजे शरीरात किती शोषलं जातं, हा शब्द शोधा. तो नसेल तर कागदावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतोय.

जाता जाता स्लॅगबद्दल. गावाबाहेर काळ्याभोर धातुमळीचा डोंगर दिसला की नवा माणूस घाबरतो. भट्टीतून निघालेली ही मळी काचेसारखी गोठलेली असते आणि तिच्यातले धातू सहजासहजी सुटत नाहीत. कुटून बारीक केली किंवा रस्त्यावर वापरली तर मात्र वेगळी गोष्ट. मोंटानातल्या ॲनाकोंडात जुन्या तांब्याच्या स्मेल्टरच्या जागेवर गोल्फचं मैदान केलंय आणि तिथल्या खड्ड्यांमध्ये वाळूच्या जागी काळी मळी भरली आहे. लोक हौसेने खेळायला येतात. मला डोंगरापेक्षा दाराशी पसरलेली, न दिसणारी धूळ जास्त त्रासदायक वाटते.

कारण शिसं मुलाच्या अंगात शिरतं ते हातातोंडातून. त्वचेतून ते फारसं जात नाही, मोठ्या कणांचा श्वासही फारसा लागत नाही. मूल मातीत खेळतं, बोटं तोंडात घालतं, जमिनीवर पडलेलं खेळणं चाटतं. बागेतल्या भाजीचंही तसंच. शिसं भाजीच्या आत कमी शिरतं, तिला चिकटलेल्या मातीतून जास्त जातं, म्हणून नीट धुतली की बराच फरक पडतो. कॅडमियम मात्र पालेभाज्या मुळांतून ओढून घेतात, ते धुऊन जात नाही. स्मेल्टरच्या आसपास पालकाचा वाफा करायचा असेल तर हा फरक लक्षात ठेवायला हवा.

आता फूटभर मातीचं गणित समजेल. खालच्या थरात शिसं आहे म्हणून अपाय होत नाही; ते हाताला लागलं तर होतो. घरातल्या रोजच्या वावरात, झाडं लावताना, मुलांच्या खेळात बारा इंचांच्या खाली कुणी सहसा जात नाही. म्हणून ईपीएच्या, म्हणजे केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, मार्गदर्शिकेत राहत्या अंगणासाठी बारा इंच स्वच्छ माती आणि भाजीच्या बागेसाठी चोवीस इंच असा हिशेब आहे. खाली दूषित माती उरत असेल तर मध्ये बहुधा भडक रंगाची जाळी अंथरतात, म्हणजे पुढे कधी कुणी खणलंच तर जाळी दिसताच थांबावं.

‘मग सगळंच का नाही काढत?’ हे मला दर सभेत विचारलं जातं. कागदावर हिशेब करून बघा. एका चौरस मैलावरची फक्त फूटभर माती म्हणजे जवळपास सात लाख नव्वद हजार घनमीटर. एका डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तर जवळपास एकोणऐंशी हजार फेऱ्या. केलॉगच्या मूळ प्रकल्पाची हद्द २१ चौरस मैलांची होती, आणि ॲनाकोंडाचा सुपरफंड परिसर ३०० चौरस मैलांच्या आसपास आहे. शिवाय काढलेली माती कुठे तरी टाकावीच लागते. शिसं जळत नाही, कुजत नाही, कालांतराने संपत नाही. ते एका अंगणातून उचलून दुसऱ्या ढिगात जातं, आणि त्या ढिगाला अस्तर, आवरण, कुंपण आणि राखणदार लागतो. डंपर गावातून जाताना धूळ उडवतात ते वेगळंच. म्हणून माणसं राहतात तिथे माती बदलायची, बाकी ठिकाणी झाकायची, गवत रुजवायचं, वाऱ्या-पाण्याने हलणार नाही असं करायचं, हीच सगळीकडची पद्धत आहे.

काही ठिकाणी मातीत फॉस्फेट मिसळून शिसं घट्ट बांधून ठेवण्याचा उपाय सुचवला जातो. ऐकायला स्वस्त आणि मस्त. पण त्याच मातीत आर्सेनिक असेल तर फॉस्फेट त्याला मोकळं करतं, कारण मातीच्या कणांवर बसायच्या जागेसाठी दोघांची स्पर्धा असते. स्मेल्टरच्या धुळीत ही जोडी नेहमी एकत्र सापडते. म्हणून कुणी ‘खत टाका, शिसं निष्प्रभ होईल’ असा सल्ला दिला तर आधी आर्सेनिकचा आकडा विचारा.

तुमच्यासारखीच शंका ॲनाकोंडाजवळच्या ऑपॉर्च्युनिटी या वस्तीतल्या घरमालकांनाही आली होती, आणि ते थेट न्यायालयात गेले. ईपीएने तिथे आर्सेनिकसाठी २५० पीपीएमची मर्यादा ठरवली होती आणि एक फूट खणायचं ठरवलं होतं. घरमालक म्हणाले, मर्यादा १५ पीपीएम करा आणि दोन फूट खणा, खर्च जुन्या स्मेल्टरची जबाबदारी असलेल्या कंपनीने द्यावा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२० मध्ये निकाल लागला. राज्याच्या न्यायालयात दावा लावायला हरकत नाही, पण ईपीएच्या योजनेपलीकडची सफाई करायची असेल तर ईपीएची परवानगी लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. कारण असं, की दूषित माती ज्यांच्या जमिनीत आहे ते मालकही या कायद्याच्या भाषेत ‘संभाव्य जबाबदार पक्ष’ ठरतात, मग ती धूळ त्यांनी आणलेली नसली तरी.

घरमालकांची मागणी मला वेडेपणाची वाटत नाही. स्वतःच्या अंगणात विष नको, यात चूक काय? पण २५० हा आकडाही हवेतून आलेला नव्हता. तिथल्या मातीतलं आर्सेनिक शरीरात किती शोषलं जातं हे माकडांवरच्या प्रयोगांतून तपासलं होतं, आणि पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकच्या मानाने ते निम्म्याहूनही कमी निघालं. तुम्ही या निकालातून एवढंच घ्या: अशा हद्दीतली जमीन विकत घेतली की ती किती खोल खणायची हा हक्क पूर्ण तुमचा राहत नाही. साध्या घरमालकाकडून सफाईचा खर्च वसूल करायचा नाही असं ईपीएचं जुनं धोरण आहे, तेव्हा बिल येईल अशी भीती बाळगू नका. पण तळघर खणायचं, पोहण्याचा तलाव करायचा, कुंपणाचे खांब रोवायचे, तर आधी विचारावं लागेल.

मर्यादेच्या आकड्यांविषयी आणखी एक गोष्ट, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. ‘किती शिसं चालतं’ याचं उत्तर जागेगणिक आणि काळागणिक बदलत आलंय. केलॉगला ठरवलं होतं की १,००० पीपीएमच्या वरचं प्रत्येक अंगण बदलायचं आणि वस्तीची सरासरी ३५० च्या खाली आणायची. १९९४ पासून ईपीएने राहत्या जागेच्या छाननीसाठी ४०० चा आकडा धरला. जानेवारी २०२४ मध्ये तो २०० वर आणला. माती तीच, शरीर तेच. शिशाबद्दलची समज वाढली तसा आकडा खाली आला.

याचा तुमच्याशी सरळ संबंध आहे. एजंट ज्याला ‘क्लीन’ म्हणतो ते अंगण दोन प्रकारचं असू शकतं. एक, माती खरोखर काढली आणि नवी घातली. दुसरं, नमुने घेतले, आकडा तेव्हाच्या मर्यादेखाली आला, म्हणून काहीच केलं नाही. दोन्हींना पत्र एकाच धाटणीचं मिळतं. दुसऱ्या प्रकारातलं, समजा ३८० पीपीएम निघालेलं अंगण आजच्या फूटपट्टीने मर्यादेच्या वर आहे, आणि तिथे स्वच्छ मातीचा थरच नाही. उलट पहिल्या प्रकारातलं, पूर्वी चार हजार पीपीएम असलेलं पण नीट बदललेलं अंगण, मुलाला खेळायला त्याहून बरं. तुम्ही म्हणता तुमच्या कागदात माती बदलल्याची नोंद आहे. उत्तम. आता नकाशा बघा. अंगणाचे चौकोन पाडून नमुने घेतात आणि बऱ्याचदा मर्यादेवर गेलेले चौकोनच बदलतात. गाडीच्या रस्त्याखालची, शेडखालची, जुन्या झाडाच्या मुळांभोवतीची माती तशीच ठेवलेली असते. शेड पाडायचा विचार असेल तर ती माती उघडी पडणार.

आता खाणीकडे येतो. तुमच्या घरापासून ती लांब असेल, पण गावाचं भवितव्य तिच्यावर आहे. डोंगराच्या पोटात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज असतं. खाणीने त्याला हवा आणि पाणी मिळवून दिलं. तिघं एकत्र आले की गंधकाम्ल तयार होतं, काही जिवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वाढवतात, आणि ते आम्ल खडकातलं जस्त, कॅडमियम, तांबं विरघळवून बाहेर आणतं. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत पाण्याचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जहाल) उणे ३.६ मोजला गेलाय. उणे पीएच आपण शाळेत शिकलेलो नसतो, पण असतो. पायराइट संपेपर्यंत ही क्रिया थांबणार नाही, आणि तिथे तो संपायला हजारो वर्षं लागतील असा अंदाज आहे. तोपर्यंत रोज चुना घालून पाणी उदासीन करायचं, धातूंचा गाळ खाली बसवायचा, तो गाळ कुठे तरी साठवायचा. हे संयंत्र बंद करण्याची तारीख कुणाकडेच नाही.

‘मग खाणीचं तोंडच बुजवून टाका की!’ बुजवतात कधीकधी, विचारपूर्वक. पण पाणी आत चढत जातं, दाब वाढतो आणि ते शेजारच्या भलत्याच बोगद्यातून फुटतं. कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी ५ ऑगस्ट २०१५ रोजी ईपीएचंच पथक काम करत होतं. आत किती पाणी तुंबलंय याचा अंदाज चुकला आणि सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरच्या वर पाणी सुटलं. ॲनिमास नदी पिवळीजर्द झाल्याची छायाचित्रं जगभर गेली. सफाई करणाऱ्यांनीच घाण केली म्हणून लोकांनी झोडपलं, आणि ते रास्तच होतं. पण त्या डोंगरांतून दूषित पाणी त्याआधीही रोज झिरपत होतं, फक्त रंग न दाखवता. पुढच्याच वर्षी तो परिसर यादीत आला.

मोंटानातल्याच ब्यूट शहरातल्या बर्कली पिटचंही असंच. तांब्याच्या त्या अवाढव्य उघड्या खाणीतले पंप १९८२ साली बंद झाले आणि खड्डा आम्लाच्या पाण्याने भरू लागला. १९९५ साली त्यात उतरलेले तीनशेच्या वर हिमहंस मेले. आता पातळी ठरावीक रेषेच्या वर जाऊ नये म्हणून पाणी उपसून, शुद्ध करून सोडतात. हे कायमचं काम आहे. तेव्हा तुमच्या गावातही पाणी शुद्ध करणारं संयंत्र चालू असेल, तर ‘चाळीस वर्षांत काम संपलं नाही’ ही तक्रार त्याला लागू होत नाही. ते संपण्यासाठी बांधलेलंच नाही.

तरीही विलंबाचा दोष सगळा रसायनशास्त्रावर ढकलणं बरोबर नाही. बराचसा विलंब पैशाचा असतो. सुपरफंडचा कायदा डिसेंबर १९८० चा. ज्याने घाण केली त्याने भरावं, हे त्याचं तत्त्व. ते फार कडक आहे: त्या काळी कायदेशीर असलेल्या कृत्यांनाही लागू, आणि अनेक दोषींपैकी एकाकडून पूर्ण रक्कम वसूल करता येते. पण कंपनीच बुडाली तर? बंकर हिलची मालक कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली. असार्को ही मोठी स्मेल्टर कंपनी २००५ साली दिवाळखोरीत गेली, आणि २००९ साली ऐंशीच्या वर जागांसाठी मिळून १.७९ अब्ज डॉलर मिळाले. त्यात वर्षानुवर्षं वकिलांचे कागद चालतात. बेवारस जागांसाठी तेल आणि रसायन उद्योगांवर जो कर होता तो १९९५ अखेर संपला आणि २०२१ च्या कायद्यानंतरच टप्प्याटप्प्याने परत आला. मधली पंचवीस वर्षं दर अर्थसंकल्पात हात पसरावे लागले. यात आधीचा अभ्यास, पर्यायांची तुलना, लोकांच्या हरकती, निर्णयाचा दस्तऐवज, डिझाइन हे सगळं मिळवा. तातडीचं काम, म्हणजे लहान मुलं असलेली अंगणं, शाळा, खेळाची मैदानं, हे मात्र या रांगेत थांबत नाही. ते आधी करता येतं आणि बहुतेक ठिकाणी केलंही जातं.

कंपनीऐवजी सुपरफंडच्या सरकारी निधीतून काम झालं तर बांधकामाचा दहा टक्के खर्च राज्याने द्यायचा, आणि नंतरची देखभाल राज्याच्या गळ्यात पडते. माझा राग आहे तो या टप्प्यावर. आवरण घालायला कोटींची निविदा निघते, फीत कापली जाते, छायाचित्रं येतात. दहा वर्षांनी त्याच आवरणात बिळं पडलीत, गटार तुंबलंय, झाडाची मुळं जाळीखाली गेलीत, हे बघायला एक माणूस आणि एक गाडी द्यायची तर पैसे नसतात. मी बिघडलेली जी आवरणं पाहिली ती डिझाइन चुकल्यामुळे क्वचित बिघडली होती. बहुतेकदा नंतर तिथे कुणी फिरकलंच नव्हतं.

केलॉग परिसराने यावर बरा मार्ग काढलाय. तिथलं पॅनहँडल हेल्थ डिस्ट्रिक्ट हे स्थानिक आरोग्य खातं एक कायमस्वरूपी कार्यक्रम चालवतं. ठरावीक मर्यादेच्या वर माती हलवायची तर परवाना घ्या. दूषित माती टाकायला जागा ते देतात. घर दुरुस्तीच्या वेळी बारीक धूळ धरणारा व्हॅक्यूमही वापरायला मिळतो. लोक सुरुवातीला कुरकुरले, आता नळजोडणीच्या परवान्याइतकं ते अंगवळणी पडलंय. तरी निसर्ग आपलं काम करतोच. १९९७ साली मायलो ओढ्याला पूर आला आणि वरच्या खाणपट्ट्यातली दूषित माती बदललेल्या अंगणांवर येऊन पडली. म्हणून मी सुरुवातीला ओढा किती लांब आहे ते विचारलं. पूररेषेतलं ‘साफ’ अंगण मी अर्धंच साफ धरतो.

मग तुम्ही नेमकं काय करावं? सुपरफंड जागेत दूषित माल शिल्लक असेल तर दर पाच वर्षांनी त्याचं पुनरावलोकन कायद्याने सक्तीचं आहे, आणि तो अहवाल सार्वजनिक असतो. शेकडो पानं वाचू नका. शेवटी एक निष्कर्ष असतो: उपाय ‘संरक्षक’ आहे, ‘सध्यापुरता संरक्षक’ आहे, ‘निर्णय पुढे ढकलला’ आहे, किंवा ‘संरक्षक नाही’. ‘सध्यापुरता’ हा शब्द दिसला की त्याच्या खाली कारणं लिहिलेली असतात, ती वाचा. लागोपाठच्या दोन अहवालांत तीच त्रुटी तशीच दिसली, तर देखभाल कशी चालते याचा तुम्हाला अंदाज येईल. मग स्थानिक आरोग्य खात्याला फोन करून त्या पत्त्याची फाइल मागा: नमुन्यांचे आकडे, कुठले चौकोन बदलले, किती खोल, जाळी आहे का. परवानगी पद्धत आहे का तेही विचारा. पद्धत नसेल तर शेजाऱ्याने उद्या जेसीबी लावून खणलेली माती तुमच्या अंगणात उडेल, आणि तिला कुणी अडवणार नाही.

अंगणापेक्षा घराचा आतला भाग लोक विसरतात. स्मेल्टर चालू असतानाच्या काळातलं घर असेल तर माळ्यावर आणि भिंतींच्या पोकळीत तेव्हाची धूळ अजून असू शकते. ती तिथेच निपचित असेल तोवर त्रास नाही. छत उघडलं, नवं इन्सुलेशन घातलं की खाली येते. शिवाय १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असण्याची शक्यता असते, आणि तो खाणीचा नसल्यामुळे सुपरफंडच्या यादीत सहसा बसत नाही. पण मुलाच्या पोटाला शिसं कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. आतल्या धुळीचे पुसून घेतलेले नमुने प्रयोगशाळेत द्या. घराच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

तिथे राहायला गेलात तर मुलाच्या रक्तातलं शिसं जाताना एकदा आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर एकदा तपासा. उन्हाळ्यात मुलं बाहेर जास्त असतात, माती कोरडी असते, आकडा वर्षातला सगळ्यात जास्त तेव्हाच येतो. दोन वर्षांचं वय हे सगळ्यात नाजूक. मातीचे कितीही अहवाल असोत, मी शेवटी विश्वास या एका आकड्यावर ठेवतो.

मी घेतलं असतं का? अंगण खरोखर बदललेलं असेल, घर पूररेषेबाहेर असेल, परवान्याची पद्धत चालू असेल आणि आतली धूळ ठीक निघाली, तर हो, घेतलं असतं. अशा गावांतली बदललेली अंगणं शिशाच्या बाबतीत कित्येक जुन्या महानगरांतल्या अंगणांपेक्षा स्वच्छ असतात, कारण महानगरांत कुणी तपासलेलंच नसतं. यातली पूररेषेची अट मी सोडणार नाही. आतली धूळ जास्त निघाली तर विकणाऱ्याकडून साफ करून घेता येते, ती किमतीत वळती करता येते. अंगणाची फाइल मिळत नसेल किंवा ‘तपासलं होतं, काही करायची गरज पडली नाही’ एवढंच उत्तर येत असेल, तर सही करायच्या आधी स्वतःच्या खर्चाने नमुने घ्या, आणि ते वरच्या एक इंचातून वेगळे घ्यायला सांगा. फूटभर खोलीची माती एकत्र ढवळून दिलेला नमुना आकडा कमी दाखवतो, आणि मुलाचा हात लागतो तो वरच्या इंचालाच.